नावाने हाक मारणारा नेता

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्याचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. तीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या आमदारांनी एसटी स्टँडवरच्या गर्दीत त्यांना ओळखलं आणि ‘काय गुरुजी, झालं का बदलीचं काम?’ असं विचारलं. तेव्हापासून घरातली मतं तिकडेच. आज त्या नेत्यावर गैरव्यवहाराचे आरोप आहेत. मुलगा बातम्या दाखवतो, वडील म्हणतात, ‘माणूस तसा नाही. मी ओळखतो त्यांना.’ आयुष्यभर पोरांना विचार करायला शिकवलेला माणूस एका वाक्यावरून मत कसं बनवतो, आणि त्यांना समजवायचं कसं, असं या मुलाने विचारलंय.

मी सव्वीस वर्षं निवडणूक पाहण्यांच्या फील्डवर आहे. आधी घरोघर जाऊन फॉर्म भरायचो, आता फॉर्म भरणाऱ्या पोरांवर देखरेख करतो. मधली अडीच वर्षं एका पुढाऱ्याच्या कार्यालयात नोकरीही केली. त्यामुळे छाप पडते कशी आणि पाडतात कशी, दोन्ही जवळून पाहिलंय.

आधी गुरुजींची बाजू घेतो. ‘एक वाक्य’ म्हणून तुम्ही ज्याला हसताय ते काही साधं वाक्य नव्हतं. बदल्या आता ऑनलाइन होतात. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली म्हणजे त्याचं सगळं घर होतं. बायको एका गावात, नोकरी दुसऱ्या गावात, म्हातारे आई-वडील तिसरीकडे. त्या काळात आमदाराला तुमचं नाव माहीत असणं, त्याहून तुमचं अडलेलं काम माहीत असणं, आणि ते चार लोकांत विचारणं, यात गुरुजींना मिळालेला मान स्टँडवरच्या सगळ्यांनी पाहिला. खासगीत विचारलं असतं तर एवढी वर्षं टिकलं नसतं. काम झालं की नाही, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, तेही माझ्या लक्षात आलं. वडिलांना विचारून पाहा. मी असे शेकडो किस्से ऐकलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं काम झालेलं नसतं. तरी किस्सा टिकतो.

फील्डवर मी एक गोष्ट फार उशिरा शिकलो. आमच्या फॉर्मवर एक ठरलेला प्रश्न असतो: अमुक नेत्याबद्दल तुमचं मत चांगलं का आहे? खाली पर्याय. विकासकामं, प्रामाणिकपणा, अनुभव, पक्ष, समाज, इतर. लोक ‘विकासकामं’वर बोट ठेवतात, कारण ते उत्तर सभ्य वाटतं. बार्शीकडे एका पिठाच्या गिरणीत मी असाच फॉर्म भरत होतो. गिरणीवाल्याने विकास म्हणून सांगितलं. मी विचारलं, कोणता? त्याने बराच विचार करून समोरचा रस्ता दाखवला. दहा मिनिटांपूर्वी त्याच रस्त्याला तो शिव्या घालत होता. मी पेन खिशाला लावलं, फॉर्म पिशवीत घातला आणि चहा घेता घेता सहज विचारलं, ‘तुम्ही त्यांना पहिल्यांदा कधी बघितलं?’

गडी एकदम जागा झाला. वडील गेले त्या वर्षी. तिसऱ्या दिवशी नेता आला होता. घरातल्यांनी खुर्ची पुढे केली, ती त्याने बाजूला सारली आणि जमिनीवर पोत्यावर बसला. गिरणीवाल्याने मला हाताला धरून आत नेलं आणि भिंतीशी जागा दाखवली. ‘हितं बसलं होतं. पाठ ह्या भिंतीला. अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत.’ तिथे आता ज्वारीची पोती होती, पण तो त्या पोत्यांकडे बघत नव्हता.

तेव्हापासून मी माझ्या पोरांना सांगतो, ‘का’ विचाराल तर माणूस कारण तयार करून देईल. ‘कधी’ विचारा, मग खरं काय ते बाहेर येईल. फॉर्मवर अर्थात ‘का’च छापलेलं असतं. छापणारे दिल्ली-मुंबईत बसतात.

‘कधी’ विचारायला लागलात की एक गंमत कळते. एकाच नेत्याबद्दल एका गावात चार मतं असतात, आणि त्या मतांच्या आड पक्ष किंवा जात असते तेवढंच माणसाचं वयही असतं. शरद पवारांचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पश्चिम महाराष्ट्रात सत्तरी ओलांडलेल्या, वसंतदादांना मानणाऱ्या माणसाला विचारा. तो १९७८ सांगेल: दादांचं सरकार पाडलं, पाठीत खंजीर खुपसला, आणि अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. त्याचं घड्याळ तिथेच थांबलंय. पुढे काहीही झालं तरी तो म्हणणार, ‘त्यांचं काही खरं नाही.’ लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप बघितलेला माणूस वेगळंच बोलतो. गणपती विसर्जनाची रात्र होती, पहाटे जमीन हलली, आणि सकाळी मुख्यमंत्री किल्लारीत हजर होते. त्या माणसापुढे खंजिराचा विषय काढा, तो नुसता हात झटकतो. आणि तिशीतला पोरगा १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा सांगतो: अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस धो धो पावसात छत्री न घेता बोलत उभा.

तिघेही एकाच माणसाबद्दल बोलताहेत, आणि तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही.

त्याच नेत्याचा आणखी एक प्रसंग मी पोरांना प्रशिक्षणात सांगतो. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. पवारांनी दूरदर्शनवर स्फोटांची यादी सांगताना मुस्लिमबहुल मशीद बंदरचाही एक स्फोट सांगितला, जो झालाच नव्हता. एकाच धर्माच्या वस्त्यांना लक्ष्य केलंय असं वाटून शहर पेटू नये म्हणून आपण ते मुद्दाम सांगितलं, असं पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं. आता ही घटना किल्लारीवाल्यापुढे ठेवा, तो म्हणतो, ‘प्रसंगावधान बघा!’ खंजीरवाल्यापुढे ठेवा, तो म्हणतो, ‘तेव्हापण खोटंच.’ घटना तीच. तुमचे वडील आरोपांच्या बातम्यांचं जे करतात ते हेच आहे. बातमी त्यांच्या डोक्यात कोऱ्या पाटीवर लिहिली जात नाही. तिथे आधीच एसटी स्टँड आहे.

साताऱ्याच्या पावसाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे छापेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसली. उदयनराजे भोसले त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रवादीकडून खासदार झाले आणि सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. पोटनिवडणूक २१ ऑक्टोबरला, म्हणजे सभेनंतर तिसऱ्या दिवशी. पवारांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील उदयनराजेंना हरवून सत्याऐंशी हजारांवर मतांनी निवडून आले. नंतर मी त्या भागात फिरलो तेव्हा ज्याला विचारावं तो ‘मी होतो ना सभेला’ म्हणायचा. एवढी माणसं त्या मैदानात मावलीच नसती. ते खोटं बोलत होते असं मात्र नाही. मोबाइलवर तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता की अंगावर पाऊस घेतल्यासारखं झालं होतं. एकाने तर ‘बुटात पाणी गेलं होतं’ म्हणून सांगितलं, आणि थोड्या वेळाने त्याची बायको आतून म्हणाली, ‘त्या दिवशी तर तुम्ही पुण्याला होता.’

पाच वर्षांनी, २०२४ च्या लोकसभेला, त्याच साताऱ्यातून उदयनराजे भाजपच्या चिन्हावर निवडून आले. पवारांबद्दलचं मत तोवर खराब झालं होतं का? मला तसं दिसलं नाही. लोक पावसाची आठवण त्याच ओलाव्याने सांगत होते आणि मत दुसरीकडे देत होते. छाप आणि मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे टीव्हीवरच्या चर्चेत कोणी सांगत नाही. विलासराव देशमुखांइतका हसतमुख, बोलका, कोणाच्याही घरात सहज मिसळणारा नेता मराठवाड्याने फार पाहिले नाहीत. १९९५ ला लातूरकरांनी त्यांनाच पाडलं, आणि १९९९ ला पुन्हा भरघोस मतांनी निवडून दिलं. ‘विलासराव आवडतात का?’ असा प्रश्न पाडलेल्या वर्षीही कोणी विचारला असता, तर मोठ्या संख्येने ‘हो’च आलं असतं असं माझं मत आहे. म्हणूनच ‘आवडता नेता’ आणि ‘मत कोणाला’ हे दोन प्रश्न फॉर्मवर वेगळे असतात. दिल्लीच्या ‘लोकनीती’सारख्या संस्था मताचा प्रश्न तोंडी न विचारता डमी मतपत्रिका हातात देतात आणि डब्यात टाकायला लावतात. शेजारी सासरा बसलेला असला तरी सुनेला आपलं उत्तर देता येतं.

आता छाप एवढी पसरते कशी, ते. अमेरिकेतल्या एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धीलाही जास्त गुण, नेतृत्वालाही जास्त, स्वभावालाही जास्त. प्रत्येक गुण वेगळा जोखायचा होता, पण एकाचा उजेड दुसऱ्यावर पडत होता. तुमच्या वडिलांना यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. त्यांना विचारा, सुंदर हस्ताक्षराच्या पोराला गणिताच्या पेपरात कधी दोन मार्क जास्त गेलेत का? ते हसतील. प्रत्येक शिक्षकाला हे माहीत असतं. ‘नाव लक्षात ठेवतो’ हे हस्ताक्षर आहे. ‘पैसे खात नाही’ हा गणिताचा पेपर.

चेहऱ्याचंही असंच. २००५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकी सिनेटच्या दोन-दोन उमेदवारांचे फोटो अनोळखी लोकांना क्षणभर दाखवले आणि जास्त सक्षम कोण वाटतं एवढंच विचारलं. सत्तरेक टक्के लढतींत लोकांनी बोट ठेवलेला चेहराच जिंकलेला निघाला. आपल्याकडे फ्लेक्सवर नेता कायम दहा वर्षांनी तरुण का असतो, ते यावरून समजून घ्या.

कपड्यांबद्दल एक वेगळा धडा गोव्याने दिला. मनोहर पर्रीकर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात साधी चप्पल, आयआयटीतून शिकलेला इंजिनिअर. गोव्यात अनेकांचे ‘भाई’. साधेपणावरून लोकांनी त्यांच्या कारभाराबद्दलही बरंच गृहीत धरलं. २०१७ ला भाजपच्या जागा एकवीसवरून तेरावर आल्या, तेव्हाचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः पडले, तरी सरकार झालं, कारण पाठिंबा देणाऱ्या छोट्या पक्षांची अट होती की मुख्यमंत्री पर्रीकरच हवेत. एका माणसाबद्दलच्या विश्वासावर अख्खं सरकार उभं राहिलं. पण १७ मार्च २०१९ ला ते गेले आणि दोनच महिन्यांत त्यांची पणजीची जागा काँग्रेसने घेतली. २०२२ ला मुलगा उत्पल अपक्ष उभा राहिला, त्याच पणजीत, आणि सातशे सोळा मतांनी हरला. लोक त्याच्यात वडील शोधत होते. घराणेशाहीवर बोलणारे नेहमी उलट सांगतात, वारसाला सगळं आयतं मिळतं म्हणून. पैसा, संस्था, कार्यकर्ते मिळतात, खरंय. ‘मी त्यांना बघितलंय’ हे मात्र वारसाच्या नावावर चढत नाही. ते त्याला पुन्हा शून्यापासून कमवावं लागतं.

मी ज्या कार्यालयात काम केलं तिथे ही कमाई कशी चालते ते सांगतो. नेत्याचं नाव सांगणार नाही, पक्षही नाही. लग्नसराईत दिवसाला पंधरा-सोळा लग्नं असायची. माझं काम आदल्या रात्रीचं. सात ते नऊ गावोगावच्या कार्यकर्त्यांना फोन करायचे आणि एका लांबट वहीत भरायचं. वहीला रकाने होते: गाव, नाव, नातं, दुखणं, काम. दुखणं हा रकाना साहेबांनी स्वतः घालायला लावला होता. सकाळी वही पीएकडे. गाव अर्ध्या किलोमीटरवर आलं की गाडी हळू व्हायची आणि पीए पुढच्या सीटवरून मागे न बघता वाचायचा: ‘मांडवात शिरताना उजव्या हाताला नवरीचे मामा. सोसायटीचे माजी चेअरमन. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा. धाकट्याचं कॉलेजचं अॅडमिशन आपण केलंय.’

साहेब मांडवात शिरले, अक्षता टाकल्या, फोटो झाला, आणि निघता निघता मामांपुढे थांबले. खाली वाकून डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘मामा, जिना चढता का आता?’

मामांचं तोंड मी विसरू शकत नाही. हा माणूस पुढची दहा वर्षं येईल त्या प्रत्येकाला गुडघा दाखवणार होता. आणि ‘डावा’ हा शब्द आदल्या रात्री पावणेनऊला मी लिहिला होता.

ही फसवणूक होती का? मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. साहेबांना शेकडो माणसं खरोखर पाठ होती, वहीशिवाय. बाकीच्यांचं वही बघायची. कुणाचा गुडघा आठवणीतला आणि कुणाचा वहीतला, हे शेवटी शेवटी मलाही सांगता येईना, आणि मला वाटतं साहेबांनाही येत नसावं. एवढं नक्की की वही ठेवायचीही मेहनत लागते, आणि ज्यांनी तीही घेतली नाही असे नेतेही मी पाहिलेत.

आता वहीची जागा यंत्राने घेतलीय. वाढदिवसाचा मेसेज आपोआप जातो. निवडणुकीत नेत्याच्या आवाजातला रेकॉर्ड केलेला फोन येतो. सिन्नरकडे एक आजी मला म्हणाल्या, ‘मला सोताचा फोन आला व्हता त्यांचा. मी म्हनलं, नळाला पाणी येत न्हाई. ते बोलतच राह्यले. घाईत असतील.’ मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार?

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही पाहणीवाल्यांनी फार वर्षं चुकवली. नेत्याला भेटणारे, मांडवात हात मिळवणारे, स्टँडवर हाक ऐकणारे बहुतेक पुरुषच. घरातल्या बाईपर्यंत नेता नवऱ्याच्या तोंडून पोचायचा. तिची स्वतःची ओळख व्हायची ती सरकारी पैशातून. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात, १९८० मध्ये, संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. खेड्यात तिला आजही ‘निराधारचा पगार’ म्हणतात. वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरात अंतुले म्हणजे सिमेंट प्रकरण आणि १९८२ चा राजीनामा. पण एखाद्या विधवा म्हातारीला विचारलं तर ती म्हणायची, ‘त्यांनी पगार लावला.’ तिने अंतुल्यांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी ‘लावला’ हे ती घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात यायला लागले तेव्हा मला तोच सूर पुन्हा ऐकू आला. विधानसभेचा निकाल त्या एकाच गोष्टीने लागला असं मी म्हणणार नाही. पण मोबाइलवर आलेला बँकेचा मेसेज पुसून न टाकता जपून ठेवलेल्या बायका मी बघितल्यात. त्यांच्यासाठी तो मेसेज म्हणजे एसटी स्टँडवरची हाक.

वाईट छाप चांगलीपेक्षा घट्ट बसते. गाडीची काच खाली केली नाही, हातातलं निवेदन न वाचता पीएकडे दिलं, सभेत नाव घ्यायचं विसरलं, एवढ्यावर पिढीजात मतं फिरलेली मी पाहिलीत. एक प्रसंग मला अजून टोचतो. एका गावात उमेदवाराची प्रचारफेरी होती. बौद्ध वस्तीत एका घरी चहा पुढे आला. उमेदवार म्हणाले, ‘आत्ताच झाला, नको.’ दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन त्या घरात गेलो. बाई म्हणाल्या, ‘वाड्यावर चालला, आमच्याकडं नको झाला.’ पूर्ण फॉर्मभर त्या एवढंच म्हणत राहिल्या. संध्याकाळी उमेदवाराच्या ड्रायव्हरशी बोलणं झालं. उमेदवाराला शुगर होती, निवडणुकीत बोभाटा नको म्हणून लपवली होती. वाड्यावर कप हातात धरून बसले आणि तसाच ठेवून उठले होते.

मी त्या घरी परत जाऊन हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या बाई म्हणाल्या असत्या, असली कारणं आम्ही आधी किती ऐकलीत. त्यात त्यांची काय चूक? त्यांनी एका कपावरून मत बनवलं नव्हतं. तो कप त्यांना आधीच्या कितीतरी नाकारलेल्या कपांच्या रांगेत दिसला. वैयक्तिक अनुभव कधीच एकट्या माणसाचा नसतो, हे तुमच्या प्रश्नात राहून गेलंय.

आर. आर. पाटलांचंही थोडक्यात सांगतो. आबा. तासगावजवळच्या अंजनीचे, १९९० पासून आमदार, ग्रामस्वच्छता अभियानामुळे घराघरात पोचलेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होतात, या अर्थाचं ते हिंदीत बोलून गेले आणि गृहमंत्रिपद गेलं. मुंबईत टीव्हीसमोर बसलेल्या माणसाकडे आबांबद्दल जमा असलेलं एवढंच, ते एक वाक्य. तासगावच्या माणसाकडे अठरा वर्षांची शिल्लक होती, त्यातून ते वाक्य वजा केलं तरी बरंच उरत होतं. २००९ ला तिथून ते पुन्हा निवडून आले आणि पुन्हा गृहमंत्रीही झाले. दुरून पाहणाऱ्याला जवळच्याचा हिशेब कळत नाही. उलटही तितकंच खरं. जवळच्याला जमाखर्चातल्या काही नोंदी दिसतच नाहीत, कारण वही त्याच्या घरची असते.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, एसटीने प्रवास करत. त्यांना एसटीत पाहिलेल्या माणसांपुढे विरोधी उमेदवाराचं काय चालणार, असं वाटतं. तरी १९७२ आणि १९९५ ला ते पडले होते. सांगोलेकरांनी तेव्हाही त्यांना एसटीतच पाहिलं असणार.

आता वडिलांना समजवायचं कसं. बातम्यांची कात्रणं पुढे टाकू नका. त्यांना ते ‘तुम्ही माणूस ओळखायला चुकलात’ असं ऐकू येतं, आणि मग ते नेत्याचा नव्हे, स्वतःच्या पारखीचा बचाव करायला लागतात. आधी त्यांचा किस्सा पूर्ण ऐका, तुम्ही शंभरदा ऐकलेला असला तरी. कोणता महिना होता, बरोबर कोण होतं, बदली झाली का, कोणाच्या सहीने झाली. बरेचदा माणूस सांगता सांगता स्वतःच म्हणतो, ‘तसं काम काही झालं नाही म्हणा.’ तुम्ही म्हणायचं नाही, त्यांना म्हणू द्यायचं. मग वेगळा प्रश्न: तुमच्याशी ते चांगले वागले, हे मान्य. ज्या संस्थेच्या पैशाबद्दल आरोप आहेत तिथे काम करणारं, तिथे ठेव ठेवलेलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का? असेल तर त्याला घरी चहाला बोलवा. अनुभवाला बातमी हलवत नाही. दुसऱ्याचा अनुभव समोर बसला तर कधी कधी हलवतो. ठेव बुडालेला एक जुना सहकारी शिक्षक तुमच्या पन्नास व्हिडिओंना भारी पडेल.

आणि आरोप हे आरोपच आहेत, हेही विसरू नका. सिद्ध काय झालंय, दाखल काय झालंय, आणि प्रतिस्पर्ध्याने माइकवर काय म्हटलंय, हे तीन ढीग वेगळे करून मगच वडिलांपुढे बसा. गुरुजी आहेत, ढीग मिसळलेत हे ते लगेच ओळखतील. शिवाय त्याआधी एकदा स्वतःलाही ‘कधी’ विचारा. तो नेता वाईट आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं? वीस सेकंदांच्या कुठल्या तरी क्लिपवरून, ज्यात तो कोणावर तरी खेकसत होता? मग तुमची आणि वडिलांची पद्धत एकच आहे. त्यांनी निदान माणूस समोर पाहिला होता.

माझीही गोष्ट यात येते, म्हणून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका नेत्याच्या मुलाखतीसाठी शासकीय विश्रामगृहाच्या पायरीवर मी तीन तास बसलो होतो. ते बाहेर आले, माझ्याकडे एक नजर टाकली आणि शिपायाला म्हणाले, ‘याला उद्या बघू.’ याला. मी ते विसरलो, असं मला वाटत होतं. त्यांच्या तालुक्याचे आमचे अंदाज लागोपाठ दोन निवडणुकांत चुकले, दोन्ही वेळा त्यांना कमी दाखवलं. तिसऱ्या वेळी माझ्या सहकाऱ्याने जुने फॉर्म काढून टेबलावर पसरले. लोकांनी नेत्याबद्दल आपल्या शब्दांत दिलेली उत्तरं अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल अशी लावायचं काम माझ्याकडे असायचं. ‘माणूस ठीक आहे’ हे उत्तर बाकीच्या तालुक्यांत मी अनुकूलमध्ये टाकलं होतं. त्या एका तालुक्यात तटस्थमध्ये. एकदा नव्हे, चाळीस-पन्नास फॉर्मांवर, माझ्याच हाताने, माझ्याच हिरव्या पेनाने.

त्या तालुक्याचे फॉर्म आता मी तपासत नाही. गठ्ठा आला की न उघडता पलीकडच्या टेबलावर देतो.